न उमटलेली रेघ

खण्ण. बेसिनमध्ये सुरी पडली आणि प्रयोगशाळेतली शांतता तडकली. सफरचंद सोलता सोलता इथे तपासण्या करणाऱ्या बाईंच्या हातून ती निसटली होती. मग पुन्हा माझाच आवाज उरला. कुर्र... कुर्र...

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे. माझ्यात बाळ मात्र कधीच निजलं नाही. माझ्या पत्र्याच्या थाळीत निजतात कागदाच्या अरुंद पट्ट्या, माणसांच्या रक्तातल्या पिवळसर पाण्यात भिजून. हळूहळू डुलतो, म्हणून इथली माणसं मला पाळणा म्हणतात.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. आता माझ्या शेजारी चकचकीत यंत्रं आहेत आणि मला कोपरा मिळाला आहे. येता-जाता कुणीही माझ्यावर हातमोज्यांचे खोके ठेवून जातं. तरी सफरचंदाचं काम निघालं की बाई माझ्याकडेच येतात.

फळ वाटून त्यातली प्रथिनं वेगळी करतात, लहान-मोठी अशी ओळीने कागदावर उतरवतात. ज्याला ते फळ सोसत नाही, त्याच्या रक्तातलं पाणी वर ओततात. मग मी डुलतो आणि रक्त आपला वैरी शोधतं. शेवटी रंग घातला, की जिथे तो सापडला तिथे रेघ उमटते, कोऱ्या कागदाच्या आतून कुणी सावकाश वर यावं तशी. इतकी वर्षं पाहतोय, पण अजून अंगावर काटा येतो.

इथल्या फ्रीजरमध्ये एका मुलीची कुपी आहे. सफरचंदाचा जॅम खाऊन ती गेली. तिच्या आईवडिलांनी तिचं रक्त इथे ठेवू दिलं. सफरचंद तपासताना तिची पट्टी नेहमी सोबत असते, कारण तिची रेघ कधी चुकत नाही. अगदी तळाशी, काळीभोर. मुलगी राहिली नाही, पण तिचं रक्त अजून ओळखतं.

या वेळी दुसरी पट्टी बाईंच्या स्वतःच्या लेकीची होती. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं काहीतरी खाऊन पोरीचा घसा आवळला होता, जेमतेम वाचली. मित्रांनो, घास पुढे करण्याआधी "तुला चालतं ना?" एवढं विचारत जा.

सुट्टी होती, म्हणून लेकही आली होती. स्टुलावर पाय हलवत बसली होती.

"पाळणा हलतोय, बाळ कुठंय गं?" बाईंच्या सोबत काम करणाऱ्या काकांनी तिला चिडवलं.

"मी मोठी आहे. बाळ तर तुमच्याच पोटात दिसतंय."

रंग घातला. लेकीची पट्टी कोरी राहिली. बाईंनी डोळे मिटून श्वास सोडला.

"सफरचंद नव्हतं गं ते. उद्या डब्यात देते हं, राणी."

"थांबा जरा," काका म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "त्या दुसऱ्या पट्टीकडे बघा."

शेजारची पट्टीही कोरी होती. गेलेली मुलगी गप्प होती, आणि ती कधीच गप्प बसत नसे. थंडगार काहीतरी खोलीतून फिरून गेल्यासारखं वाटलं मला.

"सफरचंद सोललंत की काय?"

बाईंचा चेहरा उतरला. "घरी हिला सोलूनच देते हो. हात आपोआप चालला." त्या गेलेल्या मुलीचा वैरी जास्त करून सालीत दडतो, शिजवलं तरी मरत नाही, हे त्यांना पाठ होतं. लेक समोर होती, म्हणून हातांनी आईचंच काम केलं.

दुसऱ्या दिवशी सालीसकट सगळं नव्याने केलं; शाळा सुटल्यावर लेकही आली. मी डुललो. रंग पडला, आणि दोन्ही पट्ट्यांच्या तळाशी, सारख्याच उंचीवर, दोन काळ्या रेघा वर आल्या.

बाईंनी लेकीला मांडीवर ओढून घेतलं. "सफरचंद आता कधीच नाही. कच्चं नाही, शिजवलेलं नाही, कुणाचा जॅम तर मुळीच नाही. कळलं?"

पोरीने मान हलवली. तिचं बोट शेजारच्या पट्टीवर गेलं.

"ही कुणाची?"

"आहे एक मुलगी. तुझ्याएवढीच."

"मग तिलापण सांगितलंस ना, खाऊ नको म्हणून?"