वांग्यांचा आक्रोश

प्रियदर्शनीने चित्रात वांगी काढली होती. पितळी परातीत देठासकट पडलेली, आणि त्यांच्या जांभळ्या सालीवर खिडकीतून आलेला उजेड. त्या उजेडासाठी तिने दोन महिने जीव आटवला. अकोल्याच्या शाळेत चित्रकलेचे तास संपवून आली की ती परातीपुढे बसायची. वांगी मऊ पडली की तिची माय, पंचफुला, बाजारातून ताजी आणायची आणि जुन्यांचं भरीत करायची. घरादाराला भरताचा वीट आला, पण चित्र असं उतरलं की प्रियदर्शनीला स्वतःचाच हेवा वाटावा.

अमरावतीच्या कलासंस्थेने याआधी तिची चित्रं किती वेळा परत पाठवली, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं. यंदा मात्र संस्थेच्या अध्यक्ष रागिणीताईंचा स्वतःहून फोन आला. निवडक चित्रं पुढे दिल्लीला जाणार होती, आणि त्यासाठी त्यांना सगळे समाज हवे होते. समाज, चित्रकार नव्हे. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण दिल्लीचं नाव ऐकलं की भलाभला माणूस थोडा बहिरा होतो, आणि ही तर बारा वर्षं त्याच नावाची वाट पाहत होती. तिने वांगी पाठवून दिली.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी ती मोठं दालन दोनदा फिरली. चांगल्या दिव्यांखाली रागिणीताईंची कमळं होती, खाली पाटी 'कमळे'. कुणाचे घोडे होते, खाली 'घोडे'. वांगी कुठेच नव्हती. विचारलं तेव्हा एका कार्यकर्त्याने मागच्या पडवीकडे बोट दाखवलं.

पडवीत, चहाच्या टेबलाला खेटून, 'विविध संस्कृतींचे दालन' होतं. दालन कसलं, संडासाकडे जायची वाट ती. तिथे रऊफचाचा उभे होते. अर्धी अमरावती त्यांनी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या वाचत मोठी झाली. फ्लेक्स आले आणि चाचा घरी बसले. त्यांनी आपली बकरी काढली होती, डोळ्यातल्या लबाडीसकट. खाली लिहिलं होतं, 'सुफी मनाचा शोध'. शेजारी मेळघाटातल्या बेठेकरने आपली नवी मोटारसायकल काढली होती. तो कोरकू, म्हणून मोटारसायकलचा झाला 'आदिम हुंकार'. आणि वांग्यांखाली पाटी होती, 'वंचितांचा आक्रोश'.

प्रियदर्शनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पुण्याहून आलेले समीक्षक रागिणीताईंसोबत पडवीत शिरले, मागे फोटोवाले. समीक्षक वांग्यांपुढे थबकले आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. हा जांभळा रंग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या माराचे वळ आहेत, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वेळी माना डोलावायला काही लागत नाही.

शाळेत जपून वापरलेली मराठी तिच्या तोंडून पार गळून पडली.

"वळ नाही सर, ते वांगे हायेत. माह्या मायनं बाजारातून निवडून आनले. भरीत झालं त्याचं."

समीक्षक हसले. हीच ती विद्रोहाची भाषा, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं आणि चहाकडे वळले.

रागिणीताईंनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. दिल्लीसाठी तिचं चित्र समीक्षकसरांनी सगळ्यांत आधी निवडलं होतं. तिने काही करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं आणि पाटीला हात लावायचा नाही.

"पाटी काढली तर ती नुसती वांगी उरतील, प्रियदर्शनी."

"नुसतेच हायेत, ताई. तुमच्या कमळाहिले कोन्तं दुःख हाय?"

ताईंचा चेहरा उतरला. आम्ही तुम्हा लोकांना संधी देतो, आणि तुम्ही... असं काहीसं बोलून त्यांनी उरलेलं गिळलं. गिळलेलंही प्रियदर्शनीला नीट ऐकू आलं.

खोटं कशाला सांगा, तिला दिल्ली हवी होती. अजूनही हवी होती. त्या हवेपणाचाच तिला जास्त संताप आला. दोन महिने तिने सालीवरचा उजेड पाहिला होता, आणि इथे एकानेही तो पाहिला नव्हता. दिल्लीतही कुणी पाहणार नव्हतं. तिथे ते तिची जात पाहणार होते आणि हळहळून पुढे सरकणार होते. तिने चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि काखेत मारलं. पाटी तशीच राहू दिली. रिकाम्या खिळ्याखाली आक्रोश लटकत राहिला.

दाराशी रऊफचाचांनी तिला गाठलं. त्यांनी आवाज खाली आणला होता, कारण त्यांची बकरी अजून आत होती.

"बेटी, आज उतारलं, तर पुढच्या साली नाही बोलावनार हे लोक."

"औंदा तरी मले कुठी बोलावलं, चाचा?"