विक्रीसाठी नसलेला आवाज

नळाला पाणी आले तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. निकिताने मोटार लावली, हौद भरून घेतला आणि पाईप पिंपात सोडला. नळदुर्गात पाणी पुन्हा कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून तिने कळशा, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवली. आई भाकरी थापायला बसली. चहाचा कप खिडकीत ठेवून निकिताने लॅपटॉप उघडला, आणि चहा तसाच निवून गेला.

तिने तयार केलेला ‘वाचक’ अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत असे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा, हवे तर विकावा. मात्र पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी, असा त्याचा परवाना होता. अशी खुली सॉफ्टवेअर एकत्र करून जगभर पोहोचवणाऱ्या स्वयंसेवकांचे ईमेल आले होते. त्यात लिहिले होते : वाचकमधला आवाज ज्या संमतीने मिळाला तिच्यात ‘विक्रीसाठी नाही’ असे म्हटले आहे. या दोन अटी एकत्र नांदू शकत नाहीत. संध्याकाळपर्यंत संमती बदलून घ्यावी किंवा आवाज काढावा. अन्यथा नव्या संचातून वाचक वगळावा लागेल.

आवाज महालिंगप्पा मास्तरांचा होता. शेवटच्या आजारपणात, मध्ये मध्ये दम खात, त्यांनी तो ध्वनिमुद्रित करून दिला होता; विकायचा नाही, ही अटही त्यांनीच संमतीपत्रात घातली होती. निकिताने मात्र त्या फायली बाकीच्या कोडसोबत ठेवल्या आणि सगळ्यांवर एकच परवाना लावला. त्यात काही चुकते आहे हे तेव्हा तिच्या लक्षातही आले नाही.

ती चपला घालत होती तोच जिल्ह्यातल्याच वाशी गावच्या हर्षालीचा फोन आला. हर्षालीला दिसत नसे. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास ती वाचकवर करी.

“ताई, नवीन आवृत्तीत मास्तरच हायेत ना? तो दुसरा यंत्राचा आवाज नगं बाई. पिठाच्या गिरणीत बसून अभ्यास केल्यागत वाटतंय.”

“बघते,” एवढेच निकिता म्हणाली.

मास्तरांच्या माघारी संमती बदलण्याचा हक्क त्यांच्या मुलाकडे होता. तो, शांतलिंग, बसस्थानकासमोरच्या आपल्या बियाण्यांच्या दुकानात नुकताच झाडून घेत होता. तिने ईमेलपासून हर्षालीच्या फोनपर्यंत सगळे सांगितले. तिचे बोलणे संपायच्या आतच त्याने खिशातले पेन काढले.

“सही कुठं करायची, त्येवढं सांग.”

“आधी ऐका तरी, काका. सही केलीत की हा आवाज कुणालाही विकता येईल. कर्जाच्या जाहिरातीत घातला तरी आपल्याला अडवता येणार नाही.”

शांतलिंगचा हात थांबला. “आप्पा, आन् कर्जाची जाहिरात? आरं देवा! जामीन ऱ्हायला सुदिक कुनाला न्हाय म्हनायचे.” तो हसला, पण पेन त्याने खिशात ठेवले नाही. “तुजं काम अडतंय का पोरी? अडत असंल तर करतो. तू काय परकी हायेस व्हय?”

तिला फक्त ‘हो’ म्हणायचे होते. वाचक संचात राहिला असता, आवाजही राहिला असता, आणि त्याने पुन्हा कधी विचारलेही नसते. समोर उभ्या राहिलेल्या एसटीचे इंजिन घरघरत होते. त्या आवाजात आपले उत्तर बुडून जावे, असे तिला क्षणभर वाटले.

“नको, काका. आवाज काढते. पण आणखी एक सांगायचंय. आजवर ज्यांनी घेतला त्यांच्याकडून तो परत आणता येणार नाही. ती चूक माझी.”

शांतलिंगने पेनाला टोपण लावले.

“आन् ती वाशीची पोरगी?”

“तिच्याकडे जुनी प्रत आहे.”

“तिची राहू दे. ती काय इकाया बसलीय व्हय?” त्याने पेन खिशात टाकले आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

निकिता दुकानाच्या पायरीवरच बसली. मोबाईलवरून इंटरनेट जोडून तिने आवाजाच्या फायली एकेक करून काढल्या. बदलांच्या नोंदीत लिहिले : ‘हा आवाज या परवान्याखाली वाटण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.’ ‘आम्हाला’ खोडून तिने ‘मला’ केले, आणि नवी आवृत्ती पाठवून दिली.