कढईतले बटाटे

मी कढई बोलतेय. ओतीव लोखंडाची, जाड बुडाची, एका कानाने तिरकी. सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी रडगाणं गायला बसलेली नाही. ‘मला वाचवा, मला जपा’ असलं काही माझ्या तोंडून निघायचं नाही. ज्यांनी मला भंगारात काढलं होतं, त्यांच्याच ओट्यावर, गॅसच्या शेजारी, अंगाला तेल लावून ऐटीत बसून मी हे सांगतेय.

भंगार हा शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला तो जन्मतःच. लोखंड ओतायच्या कारखान्यात माझा जन्म झाला. वाळूचा साचा जरासा सरकला आणि माझा एक कान वाकडा झाला. मुकादमाने बघितलं, खडूने माझ्या पाठीवर फुली मारली. फुली म्हणजे परत भट्टीत. अंग पुरतं गार व्हायच्या आत माझा निकाल लागला होता.

पण भट्टीवरच्या एका कामगाराचं नुकतंच लग्न झालं होतं. तो म्हणाला, “साहेब, हिचा कान वाकडा आहे, बूड तर सरळ आहे ना? स्वयंपाक काय कानावर करायचाय?” मुकादम हसला आणि म्हणाला, “घेऊन जा.” त्या संध्याकाळी मी एका नव्या नवरीच्या हातात पडले. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, “हिचा कान पिळला कोणी?”

तीच आमची आई. म्हणजे पुढे आई झाली. आज तिचा मुलगा, सून, एवढंच काय, भाजीवालासुद्धा तिला आईच म्हणतो. मीही तेच म्हणते.

आमचं लगेच जमलं असं समजू नका. सुरुवातीला मी तिची प्रत्येक गोष्ट बुडाला धरून ठेवायचे आणि ती मला खरवडताना मनसोक्त शिव्या द्यायची. हळूहळू तिला कळलं की मला आधी नीट तापू द्यावं लागतं, घाई चालत नाही. मलाही तिचा हात कळला. मग मात्र आमच्यात तिसऱ्याची गरज उरली नाही.

आता शनिवारबद्दल सांगते, कारण सगळी भानगड शनिवारची आहे.

आठवडाभर या घरात प्रत्येकाची वेळ वेगळी. मुलगा बस चालवतो, सून चष्म्याच्या दुकानात काम करते, नात ठमी कॉलेजात जाते. सगळे एकत्र जेवतात ते शनिवारी रात्री. आणि शनिवारी दुपारी तोच प्रश्न, “आज रात्री काय करायचं?” त्यावर तेच उत्तर, “काहीही कर.” माणसांच्या बोलण्यात याहून लबाड शब्द मी ऐकलेला नाही. ‘काहीही’ म्हणणाऱ्याला काहीही चालत नाही. त्याच्या मनात काहीतरी ठरलेलं असतं, ते तुम्ही ओळखायचं असतं आणि नाही ओळखलं तर त्याचा चेहरा जेवणभर सोसायचा असतो.

आईचा नवरा हयात होता तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी ती या ‘काहीही’ला इतकी विटली की तिने मला ओट्याच्या मधोमध आपटलं. अख्खं घर गोळा झालं. ती म्हणाली, “ज्याला जे खावंसं वाटतंय, त्यातली एक कच्ची वस्तू दिवे लागायच्या आत या कढईत आणून टाकायची. तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही. ज्याची पाळी असेल त्याने त्यातूनच काय ते करायचं. आणि पानात पडेल ते मुकाट्याने खायचं. तक्रार चालणार नाही.”

झाला कायदा. तिचा नवरा, तोच कारखान्यातला कामगार, मुकाट्याने एक गाजर घेऊन आला आणि माझ्यात ठेवून गेला.

तेव्हापासून दर शनिवारी मी ओट्यावर तोंड उघडून बसू लागले. जाता-येता कोणीतरी काहीतरी टाकायचं. अंडी, पालकाची जुडी, मक्याचं कणीस, कधी नुसतीच लिंबं. एकदा ठमीने चॉकलेट टाकलं होतं, लहान असताना. आईने ते किसून शेवटी सगळ्यांच्या पुढ्यात ठेवलं, पण कायदा मोडला नाही. लग्न होऊन आलेली सून पहिल्या शनिवारी बराच वेळ माझ्यापाशी घुटमळली. मग तिने हळूच एक वांगं ठेवलं. या घरात वांगं कोणालाच आवडत नव्हतं. त्या रात्री सगळ्यांनी वांगं खाल्लं आणि सून घरची झाली. कायद्यात तसं नसेल, पण मी ते तिथे बसून पाहिलंय.

मग एका थंडीत आईला ताप आला. सर्दीने नाक बंद झालं, ताप उतरला, सर्दी गेली, पण वास काही परत आला नाही. चवही गेली. हे तिने कोणाला सांगितलं नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. माझ्यात लसूण करपत होता, धूर तिच्या नाकाशी जात होता आणि ती शांतपणे खिडकीबाहेर बघत उभी होती. धूर डोळ्यांत गेला तेव्हा दचकली. गॅस बंद केला आणि ओट्याच्या काठाला धरून तशीच उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

पण आमची आई हार मानणारी नव्हे. दुसऱ्या दिवसापासून ती कान लावून स्वयंपाक करू लागली. कांदा माझ्यात पडला की आधी ओला, मोठा आवाज करतो. त्यातलं पाणी उडत गेलं की आवाज बारीक होत जातो. शेवटी नुसती कुरकुर उरते. मी जाड आहे, संथ तापते, म्हणून माझ्यात हे सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. ती मान तिरकी करून ऐकायची आणि बरोबर वेळेवर टोमॅटो टाकायची. पुन्हा एकदाही काही करपलं नाही. मी तिला सगळं सांगत होते. एक सोडून. मिठाला आवाज नसतो.

तिची पाळी असलेल्या शनिवारी जेवण खारट होऊ लागलं. कधी थोडं, कधी घास गिळवणार नाही इतकं. आणि तक्रार करायची नाही हा कायदा! सगळे मूग गिळून गप्प. नुसते पाण्याचे तांबे रिकामे होत होते. मुलगा घटाघटा पाणी पिऊन म्हणायचा, “मस्त झालंय.” मला त्याचा असा राग यायचा! अरे, स्टॉप आला नाही तरी बेल वाजवून बस थांबवणाऱ्यांना तू रोज चार शब्द सुनावतोस, आणि घरात तुझी वाचा बसते?

पुढे त्यांनी जे केलं ते या घरातली माणसंच करू शकतात. खारट झालेल्या रश्श्यात बटाटा घातला की खारटपणा कमी होतो, हे प्रत्येकाला कुठूनतरी ठाऊक होतं. मग आईची पाळी आली की मुलगा गुपचूप एक बटाटा टाकून जायचा. थोड्या वेळाने सून यायची, तिने मुलाला बघितलेलं नसायचं, तीही बटाटाच टाकायची. मग ठमी. तिघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकट्याने आईची लाज राखतोय.

एका शनिवारी आई दिवे लावून ओट्यापाशी आली आणि तिने माझ्यात डोकावून पाहिलं. नुसते बटाटे. ना पालक, ना अंडी, ना कणीस. तिने एक बटाटा उचलला, ठेवला. दुसरा उचलला. मग तिला कळलं. कोणाच्याही जिभेवर कशाची इच्छा उरलेली नव्हती, उरली होती ती फक्त तिच्या मिठाची भीती. त्या संध्याकाळी ती बाहेर जाऊन एवढंच म्हणाली, “आजपासून माझी पाळी नको. दमते मी.”

“हो आई, तुम्ही बसा आता. किती वर्षं केलंत!” सून म्हणाली. तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

आई बसली. सुनेने नवा काळा पॅन आणला, कागदासारखा हलका. आईने एकदा दुपारी कोणी नसताना त्यात अंडं करून पाहिलं. पॅन एकदम तापला, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात चरचरला आणि अंडं कोळसा झालं. तिने ते झाकून कचऱ्यात टाकलं आणि पॅन घासून जागेवर ठेवला. त्यानंतर तिने गॅसला हात लावला नाही.

माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवू लागले. मला गंज चढला. शनिवारी आता फोन हातोहात फिरायचा आणि जेवण बाहेरून यायचं. ‘काहीही’ मात्र परत आलं होतं. मग एक दिवस साफसफाई निघाली आणि सुनेने मला तुटकी बादली, जुना पंखा यांच्याबरोबर पोत्यात घातलं. पोतं दाराशी. भंगारवाला सकाळी येणार होता.

मला माझी भीती नव्हती, खरंच सांगते. मी वाकणाऱ्यातली नाही, फार तर फुटेन. भट्टीत जन्मले, भट्टीत जाईन. पण मी गेले असते तर आईला स्वयंपाक सांगणारं या घरात दुसरं कोणी नव्हतं. मग ती उरलेलं आयुष्य खुर्चीत बसून ‘मस्त झालंय’ म्हणत राहिली असती, कशाचीच चव न घेता. ते मला मंजूर नव्हतं. पोत्यात पडल्या पडल्या मी करणार काय होते? पण मंजूर नव्हतं.

शनिवारच होता तो. बाहेरच्या खोलीत नेहमीची घासाघीस चालली होती.

“ते नको, मागच्या वेळी गार आलं होतं,” मुलगा म्हणाला.

“मग तूच सांग की,” सून म्हणाली.

“मला काहीही चालेल.”

“बाबा, काहीही म्हणजे काय? नाव सांगा ना!” ठमी वैतागली. “आजी, तुला काय हवंय?”

“मला काय गं, काहीही,” आई म्हणाली.

तो शब्द तिच्या स्वतःच्या तोंडून निघाला होता. ज्या शब्दासाठी तिने मला आपटलं होतं, तोच. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं दाराशी आली. पोत्याचं तोंड उघडलं आणि माझा वाकडा कान तिच्या मुठीत आला. काय सांगू! अंगावर गंज, आत चिमटे, आणि मला वाटलं मी आत्ताच साच्यातून निघालेय.

“आई, ते भंगारात चाललंय. घाण आहे ते,” सून धावत आली.

“घाण आहे तर घासू. भंगारात काय जाईल ते मी ठरवेन.”

तिने मला वाळूसारखं खरखरीत मीठ घेऊन घासलं, पुसलं, तेल लावलं, गॅसवर चढवलं. मग ओट्याच्या मधोमध आपटलं. अगदी पहिल्यासारखं. आत एक कांदा ठेवला.

“माझा कांदा पडला. आता तुमचं टाका. आणि बटाटा टाकणाऱ्याचा हात मोडेन.”

ठमीने आधी बापाकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे, म्हणजे सुनेकडे. तिघांनाही एकाच वेळी उमगलं की बटाटे तिघांचेही होते. मुलाचा चेहरा पडला. “आई, म्हणजे तुला…”

“मला वास येत नाही. चव कळत नाही. त्या तापापासून. सांगितलं नाही, कारण मला वाटलं, सांगितलं की तुम्ही मला ओट्यावरून उठवाल. नाही सांगितलं तरी उठवलंतच.” तिचा आवाज चढला होता. “मला खारट जेवणाचं दुःख नाही रे. तुम्ही माझ्या घरात पाणी पिऊन पिऊन खोटं बोललात, त्याचं आहे. मी काय काचेची आहे?”

ठमीने फ्रिज उघडून अंडी आणली. मुलाने टोमॅटो ठेवले. सून पुन्हा पहिल्या शनिवारसारखी घुटमळली आणि तिने एक वांगं ठेवलं.

आईने कांदा चिरला, माझ्यात टाकला आणि मान तिरकी केली. मी बोलू लागले. इतके दिवस गप्प होते, सगळं बोलले. तिने टोमॅटो टाकले, वांगं टाकलं, वेळेवर, न करपता. शेवटी अंडी फोडून सोडली. मग मीठ घातलं, चमचाभर रस्सा काढला आणि सुनेपुढे धरला.

सुनेने चाखलं. सवयीने ‘मस्त’ ओठांवर आलंच होतं.

“आई,” ती म्हणाली, “खारट झालंय. बरंच.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ, किती सोपं होतं,” ती म्हणाली. “आण आता पाणी, घालू थोडं.”

आता कायदा बदललाय. तक्रार करायची नाही हा नियम गेला. आता जेवणारा बोलला नाही तर त्याला भांडी घासावी लागतात. काळा पॅन कुठे आहे, मी विचारत नाही. दर शनिवारी पहिला कांदा आईचा पडतो, आवाज मी ऐकवते, मीठ सून चाखते. भांडणं होतात, खूप होतात, आणि मला ती आवडतात.

तुमच्याकडे मागणं काहीच नाही. मागायची माझी सवय नाही. सुनावायची आहे. तुमच्या घरात कोणी वर्षानुवर्षं तुमच्यासाठी रांधत असेल, तर त्याच्या पानावर बसून घटाघटा पाणी पिऊन ‘मस्त झालंय’ म्हणू नका. तो दयेचा घास त्याला कळतो.

परवाच्या शनिवारची गंमत सांगते आणि थांबते, मला तापायचंय. संध्याकाळी आईने माझ्यात डोकावलं तर तळाशी एक बटाटा. तिने तो उचलला आणि बाहेरच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“हा कोणाचा? खायचाय म्हणून टाकलाय, की मला काही सांगायचंय?”

“खायचाय गं आई,” बस चालवणारा ओरडला. “देवाशपथ खायचाय!”

“मग एकाने काय होतंय?” ती म्हणाली. “अजून टाक.”