बसायची शिकवणी

मावशींना बसता येत नव्हतं. गुडघे ठणठणीत होते, कंबर तर लोखंडाची. पण बसलेल्या मावशी कोणी पाहिल्या असतील तर शपथ. पस्तीस वर्षं इस्पितळाच्या वॉर्डात त्यांनी आजाऱ्यांना उठवलं, बसवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ‘मावशी’ अशी हाक आली की तोंडातला घास तोंडात ठेवून त्या उभ्या. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी पायाची भिंगरी थांबेना. शेजारच्या घरात कोणी आपल्या मावशीला फोन लावला, तरी या दारात हजर.

आणि अशा बाईने ठरवावं काय? तर कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या फाटकासमोर, पोलिसांनी उठा म्हटलं तरी न उठता, रस्त्यात बसायचं.

बसणाऱ्यांच्या म्होरक्या होत्या एक निवृत्त ग्रंथपालबाई. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, पण समोरचा आपोआप कुजबुजायला लागायचा. पहिल्याच बैठकीत त्यांनी एकेकाला विचारलं, तुम्ही का बसणार? कोणी नातवंडांचं नाव घेतलं, कोणी वितळत्या बर्फाचं. एका न्हाव्याने तर पृथ्वीवर असं भाषण ठोकलं की दोघीतिघींनी डोळे टिपले. मावशींची पाळी आली. त्या म्हणाल्या, “मला चादरी भिजवायचा कंटाळा आलाय.”

सगळे हसले. मावशीही हसल्या, आणि मग त्यांनी सांगितलं. उन्हाने माणूस पडला की त्याला ओल्या चादरीत गुंडाळायचं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा अख्ख्या उन्हाळ्यात अशा दोन-तीन चादरी लागायच्या. शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी चाळीस भिजवल्या, आणि त्यातल्या सहा शेवटी तोंडावर ओढाव्या लागल्या. रस्ता खणणारे, ओझी वाहणारे, त्यांच्या लेकीच्या वयाची एक बाग राखणारी.

“डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. आणि इकडे या वीजकेंद्रवाल्यांनी दुसरं धुराडं बांधायला घेतलं. मला ते वितळणं-बितळणं फार कळत नाही. राग येतो, बस्स.”

ग्रंथपालबाईंनी वहीत त्यांच्या नावापुढे ‘चादरी’ एवढंच लिहिलं.

कारण पक्कं होतं, पण सराव सुरू झाला आणि पंचाईत झाली. न्हावी पोलीस व्हायचा. “मावशी, उठा बघू,” असं त्याने म्हणायचा अवकाश, मावशी उभ्या. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी त्या उठल्या त्या उठल्या, वर “काय हवंय?” असंही विचारून बसल्या. ग्रंथपालबाईंनी हात टेकले. “मध्येच एक जण उठला की कोळशाचा ट्रक आत जातो. तुम्ही आपलं पाणी वाटा.” हे मावशींच्या फार जिव्हारी लागलं. जन्मभर दुसरं केलं काय होतं त्यांनी?

घरी त्यांचे यजमान, निवृत्त बसचालक, आधी पोट धरून हसले. बायकोचा पडलेला चेहरा पाहिल्यावर म्हणाले, “मी शिकवतो तुला.” मग रोज सकाळी मावशींनी स्वयंपाकघरात फरशीवर बसायचं आणि यजमानांनी हाका मारायच्या. “अगं, चहा.” “अगं, माझा चष्मा.” “अगं, दूध उतू चाललंय.” दुधाला तर मावशी ताडकन उठायच्या. तीन दिवस शिकवणी फसत गेली आणि गुरुजींना आयता चहा मिळत गेला. चौथ्या दिवशी मावशी जागच्या हलल्या नाहीत. दूध खरंच गेलं. यजमानांनी शेगडी पुसली, चहा केला, आणि साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना लग्नानंतर एकेचाळीस वर्षांनी कळलं. “भलतीच विद्या शिकवली मी,” असं पुटपुटत त्यांनी दुसरा कप बायकोच्या हातात दिला. ग्रंथपालबाईंनी परीक्षा घेऊन मावशींना रांगेत घेतलं, पण अगदी टोकाला.

ठरल्या दिवशी सकाळी अठरा जण हातात हात गुंफून फाटकासमोर ठाण मांडून बसले. समोर ट्रकांची रांग लागली. भोंगे वाजले, शिव्या झाल्या, मावशी ढिम्म. मग पोलीस अधिकारी बाई आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “मावशी, उठता का जरा?” मावशींचे पाय शिवशिवले. “दूध जातंय तर जाऊ दे,” असं मनाशी म्हणत त्या बसून राहिल्या.

दुपारी ऊन रणरणायला लागलं. समोरचा एक धिप्पाड शिपाई एकाएकी भलतंच बरळायला लागला आणि धाडकन कोसळला.

“मावशी, लवकर,” न्हावी ओरडला. हा सराव नव्हता. मावशींनी हात सोडवला, अर्ध्या उठल्याही. पहिल्या ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं. माणूस सोडवेना, जागा सोडवेना. मावशींचा जीव नुसता वरखाली झाला. आणि मग त्या परत खाली बसल्या आणि वॉर्डातला आवाज काढून म्हणाल्या, “त्याला इकडे आणा. डोकं माझ्या मांडीवर. असे नका उचलू, गुडघ्यात वाका, पाठी मोडतील तुमच्या.”

पोलिसांनी मुकाट ऐकलं. त्याच ट्रकवाल्याने उतरून पाण्याचा कॅन दिला. ग्रंथपालबाईंनी आठवडाभर रंगवलेला कापडी फलक मावशींनी ओढून घेतला, भिजवला आणि ‘धूर बंद करा’ या अक्षरांसकट त्या शिपायाला गळ्यापासून गुंडाळला. दोघांना वारा घालायला लावलं. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

“कुठंय मी?”

“कामावर आहेस. पड गुपचूप.”

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. अधिकारी बाई मावशींपुढे उकिडव्या बसल्या. “तुमचे उपकार झाले. आता आपणहून उठा, म्हणजे तुमच्यावर गुन्हा नोंदवायला नको.”

“नाही हो,” मावशी म्हणाल्या, “उचलावंच लागेल तुम्हाला.”

चार जण आले. गुडघ्यात नीट वाकले, पाठ ताठ ठेवली, आणि मावशी अलगद वर गेल्या. जन्मभर त्यांनी हजारो माणसं उचलली होती. लहानपण सरल्यापासून त्यांना कोणीच उचललं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की हसू आवरेना. कडेच्या गर्दीतून यजमान धापा टाकत बरोबर चालायला लागले.

“काय गं, शेवटी उठलीस ना?”

“मी नाही उठले,” चौघांच्या हातांवर आडव्या मावशी म्हणाल्या, “मला उचललंय.”