पुठ्ठ्यावरची शेवटची ओळ

रायफलीच्या नेमछिद्राच्या बाजूच्या पितळी गुंडीवर चोवीस बारीक रेषा आहेत. त्यातली सतरावी रेषा खुणेसमोर होती, केसभर डावीकडे सरकलेली. दोन वर्षं ती तिथंच होती, कारण मी गुंडीला हात लावला नव्हता.

रायफल ऑल्बनची, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या नवऱ्याची. वजनानं आणि रूपानं थेट सैन्याच्या रायफलीसारखी, पण शाळकरी कॅडेटांना नेम शिकवायची म्हणून नळी बारीक गोळीची. चौदाव्या वर्षी तो हिच्यावरच शिकला, आणि पुढे शाळेनं जुन्या रायफली काढल्या तेव्हा त्यानं हीच शोधून घेतली. त्याच्या संग्रहात अशा पाच होत्या. चार मी गेल्या उन्हाळ्यात मार्गी लावल्या. ही राहिली. माझ्या परवान्यावर चढवायची की लडलो गावच्या एका संग्राहकाला द्यायची, हे पोलिसांच्या शस्त्र-अधिकाऱ्याला शुक्रवारी सांगायचं होतं. याआधी तीनदा मी त्याला ‘विचार चालू आहे’ असं कळवलं होतं. चढवायची तर ती चालवायला हवी; नुसती आठवण म्हणून कपाटात ठेवता येत नाही.

रविवारी सकाळी जुन्या रायफलींची वार्षिक स्पर्धा होती. कवायतीच्या हॉलमध्ये रॉकेलच्या शेगडीचा, ओल्या कोटांचा आणि बंदुकीच्या तेलाचा तोच वास. बेचाळीस वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेतून सुटून पहिल्यांदा इथं आले, तेव्हा शेजारच्या चटईवर पालथा पडलेला एक अनोळखी माणूस म्हणाला होता, “श्वास अर्धा सोडा आणि थांबा. उरलेला नंतर सोडता येतो.” तो ऑल्बन.

सरावाच्या कार्डावर मी पाच गोळ्या झाडल्या. हॉलची देखरेख करणारा नॉरिस दुर्बिणीला डोळा लावून बसला होता.

“हेस्टर, निशाणावर मारतेयस की शेजाऱ्याची विचारपूस करतेयस?”

“छिद्रांचा झुबका बघ ना. पाचही चौदा मिलिमीटरच्या आत.”

“झुबका फक्कड आहे. घर चुकलंय.”

खरं होतं. पाचही छिद्रं अकरा मिलिमीटर डावीकडे. नेम डावी-उजवीकडे सरकवणारी ती गुंडी ऑल्बनच्या डोळ्याला जुळलेली होती, माझ्या नव्हे. म्हणून पुढच्या पाच गोळ्या मी अंदाजानं उजवीकडच्या कोऱ्या कागदावर नेम धरून मारल्या. त्या हॉलभर पांगल्याच म्हणायच्या. माझ्या प्रयोगशाळेत कुणी मोजमाप असं केलं असतं, तर मी त्याची वही परत फेकली असती.

“गुंडी फिरव, बाई,” नॉरिस म्हणाला.

“फिरवली की पुठ्ठ्यावर लिहावं लागतं.”

“मग लिही. डॉक्टरेट आहे ना तुझी? अक्षरओळख असेलच.”

आमच्या क्लबात प्रत्येक जुन्या रायफलीला दोरीनं एक पुठ्ठा बांधलेला असतो. जो गुंडी फिरवेल त्यानं तारीख, रेषेचा आकडा आणि आपली आद्याक्षरं लिहायची. शेवटची ओळ ऑल्बनची होती. तिच्याखाली मला काही लिहायचं नव्हतं. दोन वर्षं मी तेवढी एकच ओळ वाचत आले होते.

“स्पर्धेला दहा मिनिटं आहेत,” नॉरिस जरा हळू बोलला. “मी चहा आणतो.”

मी चष्मा लावून पुठ्ठा वरून वाचायला घेतला. बारा. तेरा. अकरा. नवा चष्मा आला तेव्हा चौदा, डोळ्याच्या ऑपरेशननंतर सोळा. एकोणीस वर्षांत सव्वीस ओळी. एकही आकडा एका हंगामापलीकडे टिकला नव्हता. मी जपलेला सतरा तर त्यानं जाण्याआधी जेमतेम सात आठवडे वापरला होता.

मध्येच एक ओळ माझ्या अक्षरात होती. माझी रायफल दुरुस्तीला गेली होती त्या वर्षीची: एकोणीस, हे. पा. मी ती साफ विसरले होते. खाली तीनच दिवसांनी ऑल्बननं लिहिलं होतं: तेरा, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. घरी त्यावरून दोन दिवस कुरबूर चालली होती. गुंडी माझ्या आकड्यावर राहिली म्हणून हरलेली स्पर्धा त्यानं माझ्या नावावर टाकली होती.

नॉरिस चहाचे दोन मग घेऊन आला तेव्हा मी गुंडी फिरवत होते. दोन बारीक खटके वाजले.

“किती?” त्यानं विचारलं.

“एकोणीस. पेन्सिल दे.”

कानामागची पेन्सिल त्यानं मला दिली. मी तारीख घातली, आकडा घातला, आद्याक्षरं घातली.

“आणि शुक्रवारचं काय?”

“लडलोच्या त्या संग्राहकाला कळवून टाक,” मी म्हणाले. “रायफल देणार नाही. माझ्या नावावर चढवतेय.”