दोनदा फिरवीन

मांडीच्या हाडात सळी घालून मला घरी आणलं, तेव्हा लेकीने आधी माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहिलं. तिचं चुकलं नव्हतं. मला पाडलं होतं ते अस्तराच्या एका गुळगुळीत तुकड्याने. अडतीस वर्षं मी शिवणकाम करते. कापलेलं खाली पडू द्यायचं आणि संध्याकाळी एकदाच झाडून काढायचं, ही माझी रीत. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मीच खाली पडले.

डॉक्टरांनी वाकायला कायमची बंदी केली. म्हणजे झाडू गेला. सकाळी झाडायला बाई येते, पण बारा वाजेपर्यंत जमिनीवर पुन्हा धाग्यांचा पसारा. लेकीने फैसला सुनावला, "आई, शिलाई मशीन विकून टाक आणि माझ्याकडे राहायला चल. इथे एकटी असताना पुन्हा पडलीस तर?"

लेकीचं घर चांगलं आहे, जावई सज्जन आहे. पण तिथे मी दिवसभर करायचं काय? सोफ्यावर बसून ती दोघं कामावरून कधी येतात ते बघायचं? नुसत्या विचाराने मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

"जमीन दिवसभर साफ राहिली तर?" मी विचारलं.

"कशी राहील?"

"ते माझं मी बघते. एक महिना दे. मग हव्या त्या वेळी न सांगता ये. मला जमीन साफ ठेवता येत नाही असं दिसलं, तर मुकाट्याने तुझ्याकडे येते."

तिने मान डोलावली. एक महिना म्हाताऱ्या बाईचा हट्ट पुरवू, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं.

शनिवारी आम्ही व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला गेलो. वायरवाला नको, हे मी आधीच ठरवलं होतं. एका तुकड्यावरून घसरले, आता वायरीत पाय अडकवून घ्यायची हौस नव्हती. दुकानात चाळिशीतला एक टायवाला हसत पुढे आला. "या आजी!"

"आजी तुमच्या घरी. मला मावशी म्हणा."

त्याने चकाकत्या फरशीवर चमकीचे कागद टाकले आणि सगळ्यात महागडं यंत्र फिरवून ते गिळून दाखवलं. लेक खूश झाली. मी पिशवीतून डबा काढला आणि फरशीवर उपडा केला. माझ्या खोलीतला चार दिवसांचा कचरा होता तो. धागे, कापडाचा भुसा, खडूची पूड, अस्तराच्या कातरणी.

"आई!" लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझ्या घरात चमकी पडत नाही," मी म्हटलं आणि यंत्र त्याच्या हातातून घेतलं.

यंत्राने कचरा एका झटक्यात ओढला, हे खरं. पण ते चालू ठेवायला खटका सारखा दाबून धरावा लागत होता, आणि माझा अंगठा कात्रीने कधीच खाल्लाय. तिसऱ्या मिनिटाला तो ठणकू लागला. यंत्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि एका बोटाने हलकेच ढकललं. धाडकन आडवं झालं.

"हे कोण उचलणार?" मी विचारलं. "मला वाकता येत नाही."

टायवाल्याने ते स्वतः उचललं.

तोच कचरा पुन्हा टाकून दुसरं बघितलं. ते हलकं होतं, पण त्याच्या ब्रशला धागे असे गुंडाळले गेले की तो फिरायचाच थांबला, आणि सोडवायला स्क्रू काढावे लागणार होते. तिसरं दिसायला अगदीच साधं. एकदा बटण दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. डबा खालून उघडून एका हाताने रिकामा होत होता, ब्रश टेबलावर ठेवून कात्रीने मोकळा करता येत होता. ढकललं तर डुललं, पण उभं राहिलं.

"पूर्ण जोरावर किती वेळ चालतं? खोक्यावर लिहिलंय ते नको, खरं सांगा."

टायवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. "दहा मिनिटं, मावशी."

"माझी खोली चार मिनिटांची आहे."

लेकीला ते अजिबात पटलं नाही. "अगं, याची ओढ कमी आहे. बघ, अर्ध्या कातरणी तशाच राहिल्या. पहिलंच घेऊ, मी देतेय ना भेट."

"भेट तू दे. फिरवणार मी आहे. एकदा राहिलं तर दोनदा फिरवीन."

घरी आल्यावर मी रीतच बदलली. संध्याकाळची वाट बघणं बंद. एक कपडा कापून झाला की बटण दाबायचं, मगच दुसऱ्याला कात्री लावायची. पहिले आठ दिवस जीव मेटाकुटीला आला. कामात खंड पडायचा, मी एकटीच बडबडायचे. मग हाताला सवय झाली.

महिना उलटला आणि एका मंगळवारी तीन वाजता लेक दारात उभी राहिली. मी शाळेच्या गणवेशाचं कापड कापत होते. खाली धागे, कातरणी, भुसा, सगळं पसरलेलं. यायला तिला नेमकी हीच वेळ सापडली.

ती पर्स ठेवून खुर्चीवर बसली आणि पायाशी पडलेला अस्तराचा तुकडा उचलायला वाकली. तिचे डोळे भरून आले होते. तिला जिंकायचं नव्हतं, तिला भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

उरलेली बाही आधी कापून संपवली. मग कात्री ठेवली, कोपऱ्यातलं यंत्र घेतलं, बटण दाबलं. टेबलाखालून, मशीनच्या पायाजवळून, ताठ पाठीने, न वाकता फिरवत तिच्या खुर्चीपर्यंत आले.

"पाय वर घे."

लहानपणी रोज संध्याकाळी मी झाडताना तिला हेच सांगायचे, आणि ती अभ्यासाच्या पुस्तकातून डोकं न काढता पाय वर घ्यायची. आताही तिने घेतले. चांगली चाळीस वर्षांची बाई, दोन्ही पाय हवेत धरून बसली आणि रडता रडता हसू लागली.

"आई, त्या कोपऱ्यात राहिलंय."

"दिसतंय मला," मी म्हटलं. "पाय खाली घेऊ नकोस, अजून एकदा फिरवायचंय."