खिळ्याला टांगलेला सायलेन्सर

मी एक जुना सायलेन्सर आहे, मित्रांनो. बेटम्याच्या अलीकडे, इंदूर-धार रस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. माझ्या पोटाला पोचा आला आहे, शेपटीचा रंग उडाला आहे आणि हल्ली तोंडात एका कोळ्याने बिऱ्हाड केले आहे. त्याला हाकलायला मला हात नाहीत.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझे पोट केले, आत पडदे आणि भोकाभोकांच्या नळ्या घातल्या, शेपटीत ठिणग्या अडवणारी बारीक जाळी लावली. मग मला एका लाल क्वाड बाइकला जोडले. क्वाड म्हणजे मोटारसायकलसारखे हँडल आणि चार जाड चाके असलेली, धुळीत उड्या मारणारी गाडी. तिचे इंजिन सतत आरडाओरडा करत असते. तो आवाज गिळायचा आणि बाहेर नुसती गुरगुर सोडायची, हे माझे काम. यात मिरवण्यासारखे काही नाही. जो आवाज झालाच नाही, त्याबद्दल शाबासकी कोण देणार?

एक माणूस मात्र देत असे. दगडू आजोबा. ते महूला फौजेत हवालदार होते. त्यांचा नातू संघदीप इंदूरला एका कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी इथल्या कच्च्या ट्रॅकवर लोकांना क्वाडच्या फेऱ्या देत असे. ट्रॅकचे एक वळण बाभळींच्या आड आहे आणि नेमकी तिथेच पलीकडच्या शेतांची पायवाट आडवी जाते. शेडला लागून, त्या वळणावर आजोबा खुर्ची टाकून बसत. पायवाटेवर कोणी आले की फौजेतली पितळी शिट्टी लांबलचक वाजवत. शिट्टी वाजली की गाडी थांबलीच पाहिजे, हा आमच्या ट्रॅकचा कायदा. आजोबांना एवढेच काम उरले होते आणि ते काम ते कडक इस्त्रीचा सदरा घालून करत.

"शरीफ गाडी आहे," ते म्हणत. "चालते पण, आणि दुसऱ्याचं सुनते पण."

गाडीचे नाव घेत, पण ते कौतुक माझे होते. मी मनातल्या मनात फुगून जाई.

यंदा इंदूरच्या लालबागच्या मैदानावर जत्रेत क्वाडचे खेळ ठरले आणि संघदीपला बोलावणे आले. झाले! मी एकदम मुका, बुळा आणि म्हातारा ठरलो. संघदीप धाकट्या बहिणीला, मैत्रीला घेऊन पोलोग्राउंडला शाम मिस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये गेला. माझे बोल्ट काढून मला फरशीवर ठेवले आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या जागी दुसऱ्याची निवड सुरू झाली.

इंदूरची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. कोणी काही घ्यायला निघाला की मत द्यायला अख्खी गल्ली हजर! चहावाला आला, शेजारचे लेथवाले आले, दोघे जण तर हातात पोह्यांच्या प्लेटी घेऊनच आले. शामने पहिला पाइप लावला. तो जाड होता, आत माझ्यासारखी जाळीही होती.

"ये तो फॅमिलीवाला आहे," कोणीतरी म्हणाले, आणि तो बिचारा बाद झाला.

मग एक आखूड, चकचकीत पाइप आला. त्याच्या टोकात आवाज कमी करणारी एक छोटी नळी होती. शामने डोळे मिचकावले. "भिया, ही आतली नळी काढून टाकू का? फिर देखो, राजवाड्यापर्यंत आवाज जाईल!"

नळी निघाली, इंजिन सुरू झाले आणि पत्रे थरथरले. गर्दी खूश. मैत्रीने मात्र कान झाकले होते.

"दादा, एकदा हेल्मेट घालून वर बसून बघ ना," ती ओरडून म्हणाली. "मी मागून हाक मारते. आजोबांची शिट्टी सुनाई येईल का तुला?"

"अगं, शिट्टी ती शिट्टी. ती कुठेही सुनाई येते." संघदीप हसला. "शाम भिया, फिट करा हाच."

मित्रांनो, पाइप निवडताना सगळे गाडीच्या मागे उभे होते. सीट रिकामीच राहिली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण जन्मभर आवाज गिळायलाच शिकलेला मी, ओरडणार कसा?

मला परत आणून शेडमधल्या या खिळ्याला टांगले. पुढच्या रविवारी संघदीप एकटाच सराव करत होता. पायवाटेवरून पलीकडच्या शेतातल्या सुलोचनाबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन आल्या. भाऱ्यामुळे त्यांना काही दिसत नव्हते. आजोबांनी शिट्टी वाजवली. खणखणीत! माझ्या रिकाम्या पोटात ती घुमली, खिळा हलला. गाडी थांबली नाही, आणि ती थांबणारच या भरवशावर सुलोचनाबाई चालत राहिल्या. आजोबांनी पुन्हा वाजवली. बाभळींमागून तो धडधडाट जवळ येतच राहिला. मी इथे टांगलेला. पत्र्याच्या फटीतून बघण्याखेरीज मी काय करू शकत होतो?

शेवटी आजोबांनी खुर्ची सोडली, धावत जाऊन सुलोचनाबाईंना मागे ढकलले आणि स्वतः ट्रॅकवर पडले. संघदीपने ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. चाक आजोबांच्या मांडीवरून गेले.

ते वाचले. पण आता वॉकरशिवाय पाऊल उचलत नाही. जत्रा क्वाडविनाच पार पडली आणि गाडीवर कापड पडले. काही दिवसांनी आजोबांनी हट्टाने स्वतःला इथे आणवले. संघदीप कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"तुझी गलती नाही बेटा," आजोबा त्याला म्हणाले. "माझाच दम संपला आता. फुंक मारली खूप, पण बहुतेक शिट्टी निघालीच नाही."

मैत्री कुजबुजली, "दादा, बोल ना." तो बाहेर निघून गेला. त्याला खरे ठाऊक आहे, पण ते त्याच्या गळ्यातून बाहेर पडत नाही. मला त्याचा राग येतो आणि कीवही येते. आवाज गिळणे काय असते, ते मला विचारा.

आजोबांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्याच खिळ्याला अडकवली. माझ्या पोचा आलेल्या पोटावरून हात फिरवत म्हणाले, "घे रे शरीफ, आपण दोघं रिटायर."

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. आवाज निवडताना मागे उभे राहू नका, सीटवर बसा, आणि आपल्या माणसाला एक हाक मारायला सांगा. ती ऐकू आली तरच पुढे जा.

आणि कधी या रस्त्याने आलात, वॉकर घेऊन बसलेले एक आजोबा दिसले, तर माझे एवढे काम करा. त्यांना सांगा, शिट्टी वाजली होती, आजोबा. खणखणीत वाजली होती.